सर्जापूर रस्ता ते देवनहळ्ळी : स्वस्त भाड्याचा इतिहास

बंगळूरच्या आग्नेय दिशेला कोरमंगलपासून निघून, इब्बलूरजवळ वर्तुळमार्ग ओलांडून, दोड्डकन्नेल्ली, कार्मेलराम, दोम्मसंद्र अशी गावे मागे टाकीत जाणारा एक रस्ता सर्जापूर या जुन्या गावाला मिळतो. एके काळी हे गाव तलम सुती वस्त्रांसाठी नावाजलेले होते. विलायती कापडाने त्या विणकरांचा धंदा बुडविला आणि पुढे पुष्कळ वर्षे सर्जापूरचे नाव आनेकल तालुक्याबाहेर फारसे कोणी घेत नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र संगणकाच्या उद्योगाने या रस्त्याचे भाग्य पालटले. आज त्याच्या दुतर्फा उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांत पुणे, नाशिक, बेळगाव, नागपूर येथून नोकरीनिमित्त आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहत आहेत. शहाजीराजांना १६३८ नंतर जहागिरीदाखल मिळालेल्या या मुलखात मराठी भाषा नवखी नाही. नवीन आहे ती या कुटुंबांची ये-जा. दिवाळीला गावी जावयाचे, आईवडिलांना आणावयाचे, परदेशी गेलेल्या मुलाला पोहोचवावयाचे, आणि या सर्वांसाठी शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला, उत्तरेस देवनहळ्ळीजवळ असलेला विमानतळ गाठावयाचा!

हा विमानतळ २००८ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि शहरातील जुन्या विमानतळावरील प्रवासी वाहतूक बंद झाली. सर्जापूर रस्त्यावरील माणसाला जुना विमानतळ हाकेच्या अंतरावर होता. नवा चाळीस-पन्नास किलोमीटर दूर गेला. भाड्याच्या मोटारीला हजार रुपये किंवा त्याहूनही अधिक पडू लागले. महानगर परिवहनाच्या वातानुकूलित बसला दोन-तीनशे. विमानाचे तिकीट महिनोन्महिने आधी काढून जी काटकसर साधली, ती विमानतळाच्या वाटेवर खर्ची पडावी, असा हा विचित्र प्रकार होता. आणि गंमत अशी की, याच सर्जापूर रस्त्याला कार्मेलराम येथे लोहमार्ग छेदतो, आणि देवनहळ्ळीलाही लोहमार्ग जातो. ४ जानेवारी २०२१ रोजी विमानतळाच्या कुंपणाबाहेर एक छोटेसे थांबा-स्थानक उघडले, तेव्हा शहरातून तेथवरचे भाडे ठरले दहा ते पंधरा रुपये! मोटारीच्या भाड्याचा हा अगदी लहानसा हिस्सा. तरीही त्या गाड्या बव्हंशी रिकाम्याच धावल्या. असे का व्हावे, हे समजण्यासाठी आगगाडीचे भाडे हा काय पदार्थ आहे, तो कसा घडला आणि कसा बदलत गेला, हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्या वेळी हिंदुस्थानातील गरीब रयत पैसे मोजून आगगाडीत बसेल की नाही, याविषयी विलायतेतील भांडवलदारांना मोठी शंका होती. माल वाहून नफा मिळेल, प्रवासी हा जोडधंदा ठरेल, असा त्यांचा अंदाज. तो अंदाज लोकांनी अगदी थोड्या वर्षांत खोटा पाडला. बैलगाडीने चार दिवस लागणारा प्रवास काही तासांत आणि काही आण्यांत होतो हे दिसताच शेतकरी, मजूर, यात्रेकरू यांची रीघ लागली. शंभर उतारूंत नव्वदांहून अधिक तिसऱ्या वर्गाचे असत आणि रेल्वेची प्रवासी मिळकत त्यांच्याच पैशांवर उभी होती. काही कंपन्यांनी तर बाकडीच नसलेल्या डब्यांचा चौथा वर्गही काढून पाहिला. स्वस्त भाडे ही सरकारची वा कंपनीची कृपा नव्हती. संख्येच्या बळावर गरिबांनी ते स्वतः कमावले होते, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

मात्र स्वस्तपणाची किंमत दुसऱ्या रीतीने वसूल होई. महात्मा गांधींनी सप्टेंबर १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या हालअपेष्टांवर एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्यात मुंबईहून मद्रासला डाकगाडीने केलेल्या आपल्या प्रवासाचा हिशेब त्यांनी दिला आहे. तिकीट तेरा रुपये नऊ आण्यांचे होते. बावीस जणांच्या डब्यात किती माणसे कोंबली जात, शौचकूप कसे असत, चहाच्या नावाखाली काय मिळे, याचे वर्णन करून त्यांनी एक मार्मिक मुद्दा मांडला. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटींहून अधिक. पण सुखसोयींचे प्रमाण काय? पाचास एक तरी आहे काय? भाडे आणि सोय यांचे प्रमाण हा प्रश्न त्यांनी इतक्या स्पष्टपणे मांडला की त्यानंतर शंभर वर्षांनीही तो शिळा झालेला नाही. तिसरा वर्ग या नावाला १९७४ मध्ये पूर्णविराम मिळाला.

भाडे ठरविण्याची जुनी रीत समजावयास सोपी होती. मैलांचा आकडा घ्यावा, वर्ग पाहावा आणि कोष्टकातून रक्कम काढावी. परंतु त्या कोष्टकात एक खुबी होती व आजही आहे. अंतर जसजसे वाढते तसतसा दर मैलामागील आकार उतरत जातो. म्हणजे बंगळूरहून पुण्यास जाणाऱ्याने हुबळीपर्यंत एक आणि हुबळीहून पुढे दुसरे अशी दोन तिकिटे काढली, तर त्याला एका तिकिटापेक्षा अधिक पैसे पडतात. एकसलग लांबचे तिकीट काढावे, पाचशे किलोमीटरनंतर नियमाप्रमाणे मध्ये उतरून एखादा मुक्काम करावा, आणि त्याच तिकिटावर पुढे जावे, ही युक्ती जुन्या पिढीतील संसारी माणसांना तोंडपाठ असे. काशी, प्रयाग, गया करणारे यात्रेकरू चक्राकार प्रवासाचे तिकीट काढीत. निघाले तेथेच परत यावयाचे. साऱ्या वाटेचे अंतर एकत्र धरल्यामुळे दर उतरत जाई. पुठ्ठ्याच्या एवढ्याशा तुकड्यावर खट्‌कन तारीख उमटवून मिळणाऱ्या त्या तिकिटाची कल्पना इंग्लंडमधील टॉमस एडमंडसन याने काढलेली. त्या तिकिटावर छापलेले भाडे सर्वांना सारखे असे. ते आठ दिवस आधी काढा की गाडी सुटण्यापूर्वी धावत येऊन काढा, आकडा बदलत नसे.

इंग्लंडात आज नेमके उलटे आहे. तेथील एकाच प्रवासाची दोन-तीन तुकड्यांत तिकिटे काढली असता, गाडी त्या मधल्या स्थानकांवर थांबत असेल तर, ती बरेचदा एकत्रित तिकिटापेक्षा स्वस्त पडतात. आणि नियमालाही ते मान्य आहे. मुंबईच्या काटकसरी गृहस्थाने लंडनला जाऊन आपले जुने शहाणपण वापरले तर तो फसेल. याचे कारण भाड्याच्या तत्त्वात झालेला मोठा पालट हे होय. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत विमान कंपन्यांनी मागणीप्रमाणे दर चढविण्या-उतरविण्याची पद्धत रूढ केली आणि युरोपातील रेल्वेंनी ती उचलली. फ्रान्सने १९९३ मध्ये विमान कंपन्यांच्या धर्तीची आरक्षण-यंत्रणा आणली तेव्हा प्रवाशांनी बरीच ओरड केली. जर्मन रेल्वेने डिसेंबर २००२ मध्ये असाच प्रकार करून, निम्म्या भाड्यात प्रवास करू देणारे लोकप्रिय वार्षिक कार्ड बंद केले. त्यावर लोकक्षोभ इतका उसळला की, ऑगस्ट २००३ मध्ये ते कार्ड परत आणावे लागले. भारतातही ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतो या गाड्यांना चढत्या भाड्याचा नियम लागू झाला. दर दहा टक्के जागा विकल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढावे, कमाल दीडपटीपर्यंत. तिकीट किती मैलांचे, या प्रश्नाची जागा तिकीट कधी काढले, या प्रश्नाने घेतली. ज्याला आपला बेत तीन महिने आधी ठरविता येतो त्याला लाभ. ज्याच्या घरी अकस्मात आजारपण उद्भवते त्याला दंड! व्यवहाराच्या दृष्टीने ही पद्धत चतुर असेल, पण तिच्यात जुन्या कोष्टकातील सरळपणा नाही, हे मान्य करावे लागेल.

विमानतळ आणि आगगाडी यांची जोड ही कल्पना देखील वाटते तितकी अलीकडची नव्हे. लंडनच्या दक्षिणेस गॅटविक येथे १९३६ मध्येच विमानतळाची इमारत भुयाराने रेल्वे-स्थानकाला जोडलेली होती. व्हिक्टोरिया स्थानकावर गाडीत बसलेला उतारू त्याच भाड्यात पॅरिसला उतरू शकत असे. हीथ्रोला भुयारी रेल्वे पोहोचली ती १९७७ मध्ये. पुढे १९९८ मध्ये तेथे पंधरा मिनिटांत नेणारी वेगळी जलद गाडी सुरू झाली. तिचे ऐनवेळचे तिकीट भुयारी रेल्वेच्या चौपट. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. तेथील जुनी मंडळी नव्याने आलेल्या पाहुण्याला पहिली सूचना देतात ती, झगमगीत जलद गाडीच्या पाट्यांना न भुलता निळ्या रेघेच्या भुयारी गाडीत बसावे, अशी. आपल्याकडे मद्रासच्या विमानतळासमोर तिरुशूलम हे उपनगरी स्थानक आहे. तेथे रस्ता ओलांडला की पाच-दहा रुपयांत एग्मोर गाठता येते. मुंबईचा मनुष्य विलेपार्ले वा अंधेरीस उतरून रिक्षा करतो. या दोन्ही ठिकाणी स्वस्त भाडे उपयोगी पडते, कारण दर काही मिनिटांनी गाडी आहे.

देवनहळ्ळीच्या मार्गाचा इतिहास अगदी निराळा. हा मार्ग मुळात विमानासाठी नव्हेच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण असताना, बंगळूर-चिक्कबळ्ळापूर ही अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे घातली गेली. चिक्कबळ्ळापूर, कोलार या बाजूचे रेशीम, भाजी, धान्य शहरात कमी खर्चात यावे, हा तिचा उद्देश. मराठी वाचकास या अरुंद रुळांची ओळख करून देण्याची गरज नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली आणि १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत नेलेली बार्शी लाइट रेल्वे याच मापाची. कमी भांडवलात रूळ घालावे, लहान इंजिने वापरावी, स्थानके साधी बांधावी, म्हणजे भाडेही हलके ठेवता येते, हा त्यामागचा हिशेब. वारकऱ्यांनी कुर्डुवाडीस गाडी बदलून पंढरी गाठली. तिकडे चिक्कबळ्ळापूरच्या शेतकऱ्यांनी नंदी-दुर्गाच्या पायथ्याहून यशवंतपूरची पेठ गाठली. दोड्डजाल, देवनहळ्ळी, आवतीहळ्ळी, नंदी हॉल्ट येथे त्या काळच्या दगडी भिंतींच्या, कौलारू छपरांच्या इमारती अजून उभ्या आहेत. अलीकडे त्यांचा जीर्णोद्धारही हाती घेतला गेला. नंतर रूळ रुंद झाले, आणि कोलारपर्यंतचा टप्पा २०१३ मध्ये पूर्ण झाला. टिपू सुलतानाच्या जन्मगावावरून जाणारी ही शांत ग्रामीण वाट एका मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या पाठीमागून जाईल, हे ती घालणाऱ्यांच्या स्वप्नातही नसणार.

म्हणूनच २०२१ मधील स्वस्त भाडे हे विमानप्रवाशासाठी मुद्दाम ठरविलेले भाडे नव्हते. खेड्यातील उतारूसाठी जे साधे भाडे होते, तेच विमानतळाच्या थांब्यालाही लागू झाले. विमानतळाच्या कंपनीने स्थानक बांधले, तेथून इमारतीपर्यंत नेणारी बसही ठेवली. परंतु मार्ग एकेरी, गाड्या दिवसातून मोजक्या, आणि त्यांच्या वेळा सकाळी शहरात येणाऱ्या व संध्याकाळी गावी परतणाऱ्या नोकरदाराला सोयीच्या. विमाने तर पहाटे आणि मध्यरात्री सुटणार! सर्जापूर रस्त्यावरील मराठी गृहस्थाने कार्मेलराम किंवा बेळ्ळंदूर रोड येथे गाडी पकडावी, बैयप्पनहळ्ळीच्या बाजूस किंवा यशवंतपुरास उतरून दुसरीची वाट पाहावी, येलहंक ओलांडून विमानतळाच्या थांब्यावर उतरावे आणि तेथून पुन्हा बस, तीही दोन पेट्या आणि वृद्ध आई बरोबर असताना. एखादी जोडगाडी चुकली तर विमान चुकले, म्हणजे पाचपन्नास रुपयांच्या बचतीपोटी हजारोंचे नुकसान. दहा रुपयांचे तिकीट त्याला ठाऊक नव्हते असे नव्हे. त्या दहा रुपयांत गाडीची खात्री समाविष्ट नव्हती, आणि प्रवासी भाडे देतो ते अखेर खात्रीसाठीच. गांधीजींनी सोयीचे प्रमाण विचारले होते. येथे तोच प्रश्न वेळापत्रकाच्या रूपाने पुन्हा उभा राहिला.

सरहद्दीपलीकडे नेणाऱ्या आगगाडीची कथा याहून करुण आहे. युरोपात १९५९ पासून खंडाबाहेरील पाहुण्यांसाठी अनेक देशांत चालणारा एकच पास निघाला, आणि १९७२ मध्ये तेथील तरुणांसाठी दुसरा. आज परदेशस्थ मराठी मुले सुट्टीत हे पास घेऊन चार-सहा देश पाहून येतात. भारतीय उपखंडात मात्र असे स्वस्त मार्ग एकामागून एक निर्माण झाले आणि एकामागून एक मिटले. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाल्यावर मद्रासहून धनुष्कोडी, तेथून बोटीने तलैमन्नार आणि पुढे कोलंबो असा एकसलग मार्ग खुला झाला. मळ्यांत काम करणाऱ्या गरीब तमिळ मजुरांपासून सिंहलद्वीप पाहण्यास निघालेल्या हौशी प्रवाशांपर्यंत सर्वांना परवडणारा असा तो परदेशप्रवास. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री समुद्राने धनुष्कोडी गिळले. धनुष्कोडीच्या वाटेवरील एक गाडी उतारूंसकट लाटांत नाहीशी झाली, आणि रूळ पुन्हा तेथवर गेले नाहीत.

मराठी माणसाच्या अगदी घरची परदेशगाडी होती ती गोव्याची. ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांच्या १८७८ च्या करारानंतर मुरगाव ते कॅसलरॉक असा लोहमार्ग घातला गेला आणि १८८८ मध्ये तो घाट चढून सदर्न मराठा रेल्वेस मिळाला. त्याच रेल्वेचे रूळ एकीकडे बेळगाव-मिरजेवरून पुण्याला व दुसरीकडे हुबळी-हरिहरवरून बंगळूरला पोहोचले होते. म्हणजे बंगळूरच्या फलाटावर उभ्या असलेल्या साध्या उतारूला लोंढ्याच्या वाटेने पोर्तुगालच्या राज्यात जाता येत होते, आणि तेही तिसऱ्या वर्गाच्या भाड्यात! वाटेत कॅसलरॉक व कुळे येथे जकातीची तपासणी. पेट्या उघडावयाच्या, गाठोडी सोडावयाची, दूधसागरच्या धबधब्याचे तुषार अंगावर घेत घाट उतरावयाचा. मुंबईत खलाशी, स्वयंपाकी, वादक म्हणून काम करणारे गोवेकर, सावंतवाडी-बेळगावकडे लग्नसंबंध असलेली कुटुंबे, मंगेशी-शांतादुर्गेच्या दर्शनाला जाणारे कुळावी यांच्यासाठी ही परदेशगाडी नव्हतीच. ती माहेरची वाट होती. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर सीमेवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या वर्षी भारताने नाकेबंदी कडक केली आणि ही गाडी थांबली. सहा वर्षे रूळ जागच्या जागी होते, तिकिटाचा दर कोष्टकात होता, पण ते तिकीट कोणी कोणाला विकू शकत नव्हते. आईच्या अंत्यदर्शनाला डोंगरवाटेने चालत जाण्याची पाळी लोकांवर आली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर ती गाडी देशांतर्गत गाडी म्हणून घाट चढू-उतरू लागली.

लाहोरला जाणारी समझोता एक्सप्रेस २२ जुलै १९७६ ला सुरू झाली, ऑगस्ट २०१९ मध्ये थांबली. कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस १४ एप्रिल २००८ ला सुरू झाली, जुलै २०२४ मध्ये थांबली. बिहारमधील जयनगरहून नेपाळात जनकपूरमार्गे कुर्थ्याला जाणारी छोटी गाडी मात्र एप्रिल २०२२ पासून रूळांवर आली. ती देखील पूर्वीच्या अरुंद रुळांच्या जागी.

इकडे बंगळूरमध्ये उपनगरी रेल्वेची कोनशिला २० जून २०२२ रोजी बसविण्यात आली. एकूण सुमारे १४८ किलोमीटरच्या चार मार्गांना फुलांची नावे दिली आहेत. ‘संपिगे’ म्हणजे चाफा. हा मार्ग मुख्य स्थानकाहून देवनहळ्ळीला जाणार. ‘कनक’ म्हणजे अबोली. हा हीलळिगेहून निघून, सर्जापूर रस्त्याच्या लोकवस्तीजवळून, येलहंकामार्गे राजानुकुंटेस पोहोचणार. चाफा आणि अबोली यांची गाठ येलहंकास पडते. तेथे एकदा गाडी बदलली की कार्मेलरामचा उतारू विमानतळाला लागेल, असा हा आराखडा आहे. २०२५ संपेपर्यंत या मार्गांवर एकही गाडी धावलेली नव्हती, आणि तिचे भाडे काय असावे हेही ठरावयाचे होते.